चहा प्या, दर विचारा

कर्जात अडकलेल्या माणसाला फुकटचे सल्ले देणाऱ्यांची मला चीड येते. सल्ला ठरलेला असतो. टपरीवरचा चहा बंद करा. रिक्षा सोडा, चालत जा. मुलांचा खाऊ कमी करा. अहो, अठ्ठावीस हजारांत चार माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवावी लागत नाही. तिची काटकसर केव्हाच करून झालेली असते. तेलाची पिशवी सहा दिवसांऐवजी नऊ दिवस पुरवून झाली, आमटीत पाणी वाढलं, मुलाचे बूट पुढच्या जूनवर गेले. आता नवऱ्याचा बारा रुपयांचा चहा तोडायचा. कामाचे सव्वीस दिवस धरले तर महिन्याला वाचले ३१२ रुपये.

त्याच घरातलं क्रेडिट कार्डाचं बिल आता उघडा.

समजा थकबाकी ६०,००० रुपये आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बऱ्याच कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये. झाले २,४७८. बिलावर किमान भरायची रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर ३,००० रुपये. पोटाला चिमटा घेऊन ती बाई तीन हजार भरते आणि या महिन्याचं निभावलं म्हणते. मुद्दल किती कमी झालं? ५२२ रुपये. बाकी सगळं व्याजात आणि करात गेलं. वर जुनी बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. जूनमध्ये मुलीच्या वह्या-पुस्तकं कार्डावर घेतली, तर घेतल्या दिवसापासून त्यांचं व्याज चालू. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलासोबत द्यायला रिझर्व्ह बँकेनेच लावलं आहे. तो बारीक अक्षरात असतो. किमान रक्कम ठळक अक्षरात असते.

चहाचे ३१२ आणि व्याजाचे २,४७८. जवळजवळ आठपट. चहावर बोलणारे या आकड्यावर बोलत नाहीत, याचा मला राग आहे.

आता दुसरी गोष्ट, जी घरोघरी चालते. हातात पैसे थोडे आणि देणी चार-पाच. कुणाला आधी द्यायचे? जो जास्त ओरडतो त्याला. वसुलीवाल्याचे दिवसातून सहा फोन, त्याच्या तोंडावर हजार टाका. दाजींकडून हातउसने घेतलेत, सणाला त्यांच्यासमोर मान वर होत नाही, म्हणून त्यांना दोन हजार. गटाच्या कर्जाचा साहेब गल्लीत येऊन बसतो, चार बायकांदेखत नाव घेतो, त्याचा हप्ता आधी. आणि कार्ड? किमान रक्कम भरली की कार्डवाले एकदाही फोन करत नाहीत. पंगतीत सगळ्यांत जास्त जेवणारा पाहुणा सगळ्यांत गप्प बसलेला असतो आणि आपण ताट वाढतो ते आरडाओरडा करणाऱ्याला.

माझं म्हणणं एवढंच आहे: ओरडा ऐकून पैसे देऊ नका, दर बघून द्या.

वहीचं एक पान घ्या. कुणाचे, किती राहिले, वर्षाला किती टक्के. नवरा-बायको दोघांनी मिळून लिहा, कारण एकाने दुसऱ्यापासून लपवलेलं देणं हमखास सगळ्यांत महाग निघतं. शेवटचा रकाना भरताना धक्के बसतील. गल्लीतला सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो ते महिन्याचं असतं. वर्षाचे ६० टक्के झाले. कार्डाचे ४२. दुचाकीच्या कर्जावर ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ सांगितलेलं असतं. लाखाला दोन वर्षांत २४,००० व्याज, २४ हप्ते, प्रत्येकी ५,१६७ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या बाकीवर हिशेब मांडला की तो दर साडेएकवीस टक्क्यांवर जातो. बारा सांगून साडेएकवीस घेतात. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज बहुधा याच्या बरंच खाली असतं. दाजींचे शून्य टक्के.

वरच्या दराचं कर्ज आधी मारा. बाकी सगळ्यांना ठरलेला हप्ता, त्याच्यावर एक रुपया नाही. जे उरेल ते, पाचशे का असेना, सगळ्यांत महाग कर्जाच्या मुद्दलात. ते संपलं की त्याचा हप्ता त्याच्या खालच्यावर. आणि दाजींच्या घरी जाऊन तोंडाने सांगा: ‘दाजी, तुमचे पैसे बुडवणार नाही, पण दिवाळीपर्यंत थांबा, आधी कार्ड संपवतो.’ हे वाक्य जड जातं. पण न सांगता तोंड चुकवत फिरण्याने नाती जास्त तुटतात, हे मी माझ्या आसपासच्या घरांत पाहिलं आहे.

लहान कर्ज आधी फेडा, हुरूप येतो, असंही सांगणारे आहेत. हुरूप येतो, खरं आहे. दोन-तीन हजारांचं किरकोळ देणं असेल तर एकदाच मिटवा, डोक्याचा ताप कमी होईल. पण ६० टक्क्यांचं कर्ज जिवंत ठेवून ११ टक्क्यांचं फेडत बसायचं, हा हुरूप फार महाग पडतो.

सोन्याचं बोलते. चार बांगड्या डब्यात आणि कार्डावर ४२ टक्के, अशी घरं कितीतरी आहेत. बँकेत सोनं तारण ठेवलं तर व्याज कार्डाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येऊ शकतं. लोक काय म्हणतील, म्हणून ठेवत नाहीत. मी म्हणते ठेवा. मात्र बांगड्या बाईच्या आहेत, त्यामुळे निर्णयही तिचाच. नवऱ्याने परस्पर नेल्या तर ती चोरी समजा. तारणाचे पैसे त्याच दिवशी कार्डात भरा आणि कार्ड बंद करायचा अर्ज द्या. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. कार्ड चालू ठेवलंत तर वर्षभरात कार्डही भरेल आणि बांगड्याही जातील. आणि सोनेतारणात वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडण्याची योजना घेऊ नका. एकरकमी पैसे असते तर ही वेळच आली नसती. महिन्याच्या हप्त्याची मागा.

खासगी सावकाराचं काय? महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना हवाच. शेतीखेरीज कर्जाला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के, नसेल तर १८, ही दराची मर्यादा. शेकडा पाच हे त्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त झाले. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे होते. लोक करत नाहीत. त्याच गल्लीत राहायचं असतं, उद्या आई आजारी पडली तर रात्री अकरा वाजता पैसे देणारा तोच असतो. ही भीती मला कळते, तिला भेकडपणा म्हणणार नाही. पण १८ हा आकडा माहीत असलेला माणूस त्याच्यासमोर वेगळा बसतो. ‘शेट, व्याज खूप गेलं, आता देतो ते मुद्दलात धरा’ एवढं तरी म्हणू शकतो.

आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी बाजारच्या दिवशी सावकारांवर हल्ला केला. पुढे पुणे-अहमदनगर भागात गावोगाव तेच झालं. त्यांचा मुख्य रोख पैशांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि खतं बाहेर काढून त्यांनी जाळली. ज्यावर अंगठा दिला त्यात काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नव्हतं, त्या माणसाचा तो राग होता. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला.

आज आपल्याला वाचता येतं, तरी आपण मोबाइलवर ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो आणि मोकळे होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, किरकोळ मुदत कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा तक्ता देणं सक्तीचं आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. जे शुल्क त्यात नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मराठीत मागा. काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम, सगळे असेच सही करतात’ म्हणेल. त्याला नीट सांगा, मी वाचून सही करते. आणि मोबाइलवरचं एखादं कर्जाचं अ‍ॅप फोनमधली नावांची यादी किंवा फोटो मागत असेल तर पाच हजारांसाठीसुद्धा ते घेऊ नका. उद्या मुलांच्या वर्गशिक्षिकेपासून तुमच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना तुमच्या थकबाकीचे मेसेज जातील. ही परवानगी मागणं नियमात बसत नाही.

वसुलीच्या फोनचंही सांगते, कारण माणूस खचतो तो तिथे. संध्याकाळी पावणेआठला, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना फोन वाजतो आणि बाई तो मुलांपासून लांब, गॅलरीत जाऊन घेते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकीत कर्जासाठी फोन करायचा नाही, हा नियम २०२२ पासून आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, चारचौघांत पाणउतारा, कशालाच परवानगी नाही. वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कर्ज थकलं म्हणून इज्जत गहाण पडत नाही.

गटाच्या कर्जाबद्दल एकच प्रश्न, आणि तो देणाऱ्यांना. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे, त्याचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असं २०२२ पासूनच्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत आहे. मग एकाच बाईच्या पदरात चौथं कर्ज टाकताना आधीच्या तिघांचे हप्ते कुणी मोजले होते?

किरकोळ वाटणारी पण घर पोखरणारी एक गोष्ट: पगार सात तारखेला आणि हप्ता पाच तारखेला. दर महिन्याला हप्ता परत जातो. बँक दंड लावते, कर्ज देणारा वेगळा लावतो, दोघांचे मिळून कित्येकदा हजाराच्या घरात जातात. एक अर्ज द्या, तारीख दहा करून मागा. बरेच देणारे करून देतात. या एका अर्जाने महिन्याला जेवढं वाचतं तेवढं वर्षभर चहा सोडून वाचत नाही, असं म्हणणार नाही; तीन महिन्यांच्या चहाएवढं मात्र नक्की वाचतं.

खर्च कापायचेच असतील तर मोठे कापा. पर्सनल लोन काढून केलेलं लग्न, बारशाचा हॉल, वास्तुशांतीचं तीनशे पानांचं जेवण. जेवून गेलेल्यांपैकी कुणी हप्ता भरायला येत नाही. आणि दवाखान्याच्या काउंटरवर घाईत कर्ज उचलायच्या आधी विचारा, इथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कितीतरी घरांचं कर्ज त्या काउंटरवर सुरू होतं.

थोडे पैसे बाजूला ठेवावेत की सगळे कर्जात घालावेत? ठेवावेत. पाच-सात हजार, हात न लावता. नाहीतर गॅस संपला, मूल तापलं की पुन्हा कार्ड.

दिवाळीला बोनस येईल. तो येण्याआधीच ठरवा, किती मुद्दलात जाणार. कार्डाची बाकी कधीही पूर्ण भरता येते, त्याला दंड नाही. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, त्यावर मुदतीआधी फेडल्याचं शुल्क लागू शकतं. कागदात बघा, तेवढं देऊनही व्याज वाचतंय का ते मांडा. आणि मुद्दलात जास्तीचे पैसे भरलेत की बँक विचारेल किंवा न विचारताच हप्ता कमी करू शकेल. हप्ता कमी नको. हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, असं अर्जावर लिहा आणि पोच घेऊनच बाहेर पडा.