पुताईचा ठेकेदार आणि येणारे पाहुणे

घर रंगवण्याचे काम अंगावर घेऊन ते हाताखालच्या चार-सहा रंगाऱ्यांकडून करवून घेणाऱ्या इसमास उज्जैनमध्ये पुताईचा ठेकेदार म्हणतात, आणि हा इसम नवी गिऱ्हाइके कोठून आणतो याचा विचार करताना एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. भिंत खराब झाली म्हणून सहसा कोणी घर रंगवत नाही. पोपड्यांवर कॅलेंडर टांगून आणि ओलीच्या डागापुढे कपाट सरकवून कुटुंबे वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. रंग लागतो तो कोणीतरी येणार असते म्हणून. त्यामुळे अनुभवी ठेकेदार भिंतींची पाहणी करण्यात वेळ दवडत नाही. कोणाच्या घरी, कोण, केव्हा येणार आहे याची पक्की माहिती ठेवणे हाच त्याचा खरा व्यवसाय असून रंग हे केवळ त्याचे निमित्त होय.

माहितीचा पहिला साठा त्याला भिंतींवरच सापडतो. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, हत्ती-घोडे आणि वधूवरांची नावे रंगवण्याची माळव्यात जुनी प्रथा आहे. सामान्य वाटसरूला त्या चित्रात मंगलकार्य दिसते. ठेकेदाराला मात्र थोरलीचे लग्न उरकले आणि धाकटी अद्याप आहे एवढे दिसते, आणि देवउठनी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होण्याच्या बऱ्याच आधी तो त्या दारात चहा पीत बसलेला आढळतो. रंगाचा विषय तो स्वतः काढत नाही. “काकू, भिंतीचं सोडा हो, ताईला बघायला येणारी मंडळी बसवणार कुठे?” एवढेच तो विचारतो, आणि काकूंची नजर आपोआप बैठकीच्या त्या कोपऱ्याकडे वळते, जिकडे आजवर घरातील कोणाचीही वळली नव्हती.

उज्जैन हे अशा माणसाच्या उत्कर्षास विशेष अनुकूल नगर आहे, कारण येथे पाहुणे येण्याची सोय खुद्द ग्रहांनी करून ठेवली आहे. सुमारे बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. मागचा 2016 साली भरला आणि पुढचा 2028 साली आहे. एरवी विजयादशमीच्या निरोपापुरते उरलेले पुण्या-नागपूरचे आप्त सिंहस्थाच्या वर्षी एकाएकी सख्खे होतात, आणि ज्या घराला क्षिप्रेपर्यंत चालत जाता येते त्या घराचे नातेगोते तर कल्पनेबाहेर विस्तारते. त्यातच ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक हा मंदिराभोवतीचा भव्य परिसर खुला झाल्यापासून यात्रेकरूंचा ओघ बारमाही झाला, आणि मंदिराजवळच्या अनेक घरमालकांना माळ्यावरची खोली भाड्याने देण्याजोगी असल्याचा साक्षात्कार झाला. पूर्वी ठेकेदाराला गिऱ्हाइकाच्या पाहुण्यांची वाट पाहावी लागे. आता पाहुणेच पैसे देऊन येतात, खोलीचे छायाचित्र पाहून येतात, आणि छायाचित्रात पोपडे फार स्पष्ट दिसतात.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत मात्र त्याची कसोटी लागते. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी शिंदेशाहीबरोबर आलेली अनेक घराणी येथेच राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पंचांगही राहिले. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगात अमावास्येला; परिणामी मराठी श्रावण पंधरा दिवस उशिरा लागतो, आणि दर सोमवारी निघणारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, दोन्ही श्रावणांचा मान राखत स्थानिक भाद्रपदातही चालू राहते. ठेकेदार दोन्ही पंचांगे जवळ बाळगतो, यात धर्मभावना किती आणि हिशेब किती हे ठरवणे अवघड आहे. माळवी गिऱ्हाईक दिवाळीपूर्वी, म्हणजे पाऊस ओसरल्यावर रंग मागते, ते शास्त्राला धरून आहे. मराठी गिऱ्हाइकाला तो गौरी-गणपतीपूर्वी हवा असतो, म्हणजे भिंती पाणी पिऊन तट्ट फुगलेल्या असताना. ओल्या भिंतीवर पुट्टी, म्हणजे खाचखळगे बुजवणारा पांढरा लेप, चढवला तर तो काही महिन्यांत सुटतो, हे ठेकेदाराला पुरते ठाऊक असते. पण गौरी तीन दिवसच राहतात हेही त्याला ठाऊक असते.

सवारीच्या दिवशी हा गृहस्थ गर्दीत हमखास भेटतो. पालखी गोपाळ मंदिरासमोर, बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेल्या त्या देवळापुढे आली की हजारो हात जोडले जातात. त्याचेही जोडलेले असतात, परंतु दृष्टी पालखीच्या वर, दुसऱ्या मजल्यावरील सज्जावर खिळलेली असते. सवारीच्या वाटेवरील घरांत दर सोमवारी नातेवाईक सज्जात दाटीवाटीने उभे राहतात, आणि ज्या सज्जाखाली चुन्याचे पापुद्रे लोंबत असतात त्या घराची खूणगाठ तो देवासमक्ष बांधतो.

या सर्वांहून अधिक त्याचे कौशल्य उजळते ते जुन्या शहरातील सामाईक भिंतींवर. गल्लीतील घरे एकमेकांना चिकटलेली असल्याने एकाचा रंग कोठे संपावा हा प्रश्न कायद्याचा नसून स्वभावाचा आहे. ठेकेदार गल्लीतील पहिले घर तोटा सोसून घेतो, मालकाला उजळ पिवळा किंवा गर्द आकाशी रंग पटवतो, आणि काम संपता संपता रंगाऱ्याचा रोलर शेजाऱ्याच्या भिंतीवर वीतभर पुढे सरकतो. दुसऱ्या सकाळी शेजारी कडाडतो. ठेकेदार अत्यंत नम्रपणे हजर होतो, रंगाऱ्याला सर्वांदेखत झापतो आणि पट्टा पुसून देण्याची तयारी दाखवतो. पण तोवर त्या वीतभर पट्ट्याने शेजाऱ्याला उरलेली भिंत प्रथमच दाखवलेली असते. भांडणाचा सूर सहसा तिसऱ्या वाक्यात दराच्या चौकशीत उतरतो. दोन शेजाऱ्यांचे पिढीजात वैर असेल तर काम अधिकच सोपे होते, फक्त दुसऱ्याला एक शेड महाग द्यावी लागते.

रंगाच्या दुकानदाराशी सलोखा, डब्यातून निघणारी टोकने, म्हणजे रंगकंपन्यांनी रंगाऱ्यांसाठी ठेवलेले छोटे बक्षीस, आणि मोबाइलवरची ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे ही साधने सर्वच ठेकेदार वापरतात, त्यांत प्रतिभेला फारसा वाव नाही.

प्रतिभा दिसते ती काम संपवण्याच्या पद्धतीत, म्हणजे ते न संपवण्यात. जाणता ठेकेदार चौकटीचा एखादा कोपरा किंवा जिन्याखालची हातभर जागा मुद्दाम ठेवून जातो. या उरल्यासुरल्या कामास ‘टचअप’ म्हणतात, आणि मालक त्यासाठी शेवटचा हप्ता अडवून धरत असल्याने ती लबाडी आहे असा संशय कोणालाही येत नाही. मग नेमके पाहुणे आलेल्या दिवशी तो डबा-ब्रश घेऊन दारात उभा राहतो, कोपरा दोन मिनिटांत उरकतो, यजमानांच्या आग्रहावरून चहा घेतो, आणि बैठकीच्या भिंतीकडे कौतुकाने पाहणाऱ्या इंदूरच्या व्याह्यांना सहज विचारतो, की त्यांचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि मुलीच्या सासरचे लोक घर बघायला कधी येणार आहेत.