सूचक तेच, अनुमोदक तेच

पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्या समितीने १९६१ साली अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आल्या. कारभार लोकांनी निवडलेल्यांच्या हाती. कलेक्टरलासुद्धा परिषदेबाहेर ठेवलं. भाबडा काळ!

त्याच नाईकांच्या यवतमाळ जिल्ह्यात परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटना सांगते. पण ओबीसी आरक्षण, गटरचना, कोर्टाच्या तारखा... तोवर प्रशासक. प्रशासक कोण? तर मुख्य कार्यकारी अधिकारीच.

सोय बघा. अधिकारी म्हणून साहेबांनी प्रस्ताव मांडायचा, सभा म्हणून साहेबांनीच मंजूर करायचा. सूचक तेच, अनुमोदक तेच, विरोधात रिकाम्या खुर्च्या. कोरमची अडचण नाही. साहेब रजेवर नसले म्हणजे झालं. पूर्वी शाळेचं छप्पर गळलं की सदस्याला चौकात धरता यायचं, चार शिव्या हासडता यायच्या. आता आवक-जावकला अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि घरी जा.

आमदारांनी यावर फारसा आकांत केल्याचं ऐकिवात नाही. का करतील? परिषदेचा सदस्य म्हणजे उद्या तिकीट मागणारा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत लांबली.

तिकडे अमेरिकेचे अध्यक्ष एकट्याच्या सहीने आदेश काढतात, तेव्हा निदान कॅमेरे तरी बोलावतात. आमच्याकडे तोही खर्च नाही.