जर्मनीत बँक खातं उघडावं कसं : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

आधी एक गैरसमज दूर करू. बँकेला आपले पैसे हवे असतात असं धरून पुष्कळ मुलं पुण्या-नाशिकहून येतात आणि थेट जर्मन बँकेच्या काउंटरवर उभी राहतात. बँकेला पैसे नकोत असं नाही. पण त्याआधी तिला तुमचं दार हवं असतं. दार, त्यावरची पाटी आणि खाली टपालपेटी. पैशाचं काय, तो नंतर येतच राहतो.

पायरी पहिली. जर्मनीला जाण्याआधी जर्मनीसाठी एक खातं उघडा. (छपाईची चूक नाही.) विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. इथल्या बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, पैसे कशासाठी पाठवताय ते सांगायचं, आणि मग ते एकदाचे जातात. खातं तुमच्या नावाचं, पैसे घरचे, हात मात्र लावायचा नाही. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. तेही रोख मिळत नाहीत, तुमच्या नेहमीच्या चालू खात्यात पडतात. ते खातं अजून उघडायचंय.

पायरी दुसरी. चालू खात्यासाठी पत्त्याचा पुरावा द्या. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो खरा, पण सदाशिव पेठेतला पत्ता जर्मन कारकुनाच्या कामाचा नाही. त्याला आनमेल्डुंगचा कागद हवा, म्हणजे या गावात, या घरात तुम्ही राहता अशी सरकारी नोंद. कायद्याने ती घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. बर्लिनसारख्या शहरात नोंदणी कार्यालयाची वेळच अनेकदा त्याहून उशिराची मिळते. घाबरू नका, हे त्या कार्यालयालाही ठाऊक असतं.

नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. घरमालक सही देतो, पण घर दिल्यावर. घर देतो, पण अनामत मिळाल्यावर. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. कायदा म्हणतो, भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देता येते. नवशिक्याने हे वाचून समाधान मानावं; घरमालकापुढे पहिल्याच भेटीत बोलून दाखवू नये. आता ही अनामत द्यायची कुठून? ब्लॉक्ड अकाउंटमधून. ते पैसे सुटायला चालू खातं हवं, खात्याला पत्ता हवा, पत्त्याला घर हवं, घराला अनामत. इथपर्यंत आलात म्हणजे पद्धत तुम्हाला नीट समजली.

त्यातच घरमालक शूफाचा दाखला मागतो. शूफा म्हणजे माणसाची पत मोजणारी संस्था. १९२७ साली बर्लिनमध्ये तिची सुरुवात झाली, ती विजेची उपकरणं हप्त्यांवर घेणाऱ्यांपैकी कोण वेळेवर पैसे भरतं हे पाहण्यासाठी. तुमच्याविषयी शूफाकडे वाईट काहीच नाही. चांगलंही नाही. आयुष्यात कधी कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत हे तुमच्या आजीला माहीत आहे, आणि आजीचा दाखला चालत नाही.

अशा वेळी मराठी माणसाला एक युक्ती हमखास सुचते. मावशीच्या नणंदेचा मुलगा तिकडे असतो, त्याचा पत्ता लावून टाकू! शाळेच्या प्रवेशासाठी आपण काकांचा पत्ता लावला, गॅसच्या नोंदणीला मामांचा, कुणाचं काही बिघडलं नाही. तिकडे बिघडतं. प्रत्यक्षात न राहणाऱ्याला राहतो म्हणून दाखला दिला तर ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नणंदेचा मुलगा फोन उचलेनासा होतो तो यामुळे. त्याला माणुसकी नाही असा निष्कर्ष काढू नये. त्याच्याकडे खरोखरच राहायला गेलात तर गोष्ट वेगळी, मात्र त्याच्या घरमालकाची संमती घ्या. सगळ्यात सरळ मार्ग विद्यार्थी वसतिगृहाचा. तिथली प्रतीक्षा यादी लांब असते, म्हणून प्रवेशाचं पत्र येताच तिकडे अर्ज टाकावा आणि मग पेढे वाटावेत.

पायरी तिसरी. टपालपेटीवर नाव चिकटवा. हे ज्याने गंभीरपणे घेतलं त्याचं अर्धं काम झालं. जर्मन पत्त्यात खोली क्रमांक, दुसरा मजला, मारुतीच्या देवळासमोर असं काही लिहिलेलं नसतं. रस्ता, घर क्रमांक, गाव, संपलं. पुढे पोस्टमन पेटीवरची आडनावं वाचतो. तुमचं दिसलं नाही तर पत्र परत. आणि बँक सगळं पत्रानेच पाठवते: कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या, तीही मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी. अकरा आकडी कर क्रमांकही पत्रानेच येतो. तेव्हा पाच आडनावांखाली सहावं चिकटवताना लाजू नका. सेलोटेप चांगली वापरा, पाऊस असतो.

पायरी चौथी म्हणजे अर्ज. नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. आपल्याकडे पासपोर्टात पहिल्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, आणि जर्मन संगणक दोन्ही तुमचीच समजतो. लग्न झालेल्या बाईच्या कार्डावर मग नवऱ्याचं नाव तिचं स्वतःचं म्हणून छापून येतं. दुरुस्तीच्या फंदात पडू नये. पुढे अर्ज विचारतो, तुम्ही अमेरिकन आहात काय? सांगलीत जन्मलेल्याला हा प्रश्न जर्मनीत का विचारावा असं वाटेल. २०१० सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे तो जगभरच्या बँका विचारतात. ‘नाही’वर खूण करा. ओळख व्हिडिओवर पटवायची असेल तर पासपोर्ट दिव्याखाली तिरपा धरा, सांगतील तसा हलवा, हसू नका.

अर्ज नाकारला तर? इथे हे मार्गदर्शन पहिल्यांदाच खरोखर उपयोगी पडेल. जून २०१६ पासून जर्मनीत मूलभूत खात्याचा हक्क आहे. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही तो मागता येतो, अगदी आश्रय मागणाऱ्यांना आणि बेघरांनाही. पूर्ण भरलेला अर्ज हाती आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने खातं द्यायचं किंवा नकाराचं कारण लेखी कळवायचं. कायदा उत्तम आहे. शाखेच्या भिंतीवर तो टांगलेला सापडत नाही एवढंच. मूलभूत खात्याचा छापील फॉर्म मागून घ्या, तोंडी विनंती करत बसू नका.

खातं उघडलं, ९९२ युरो आले. आता भारतातल्या बँकेकडे वळा. शिकायला परदेशी गेलेल्यालाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी मानते. म्हणजे कॉलेजात असताना आईने उघडून दिलेलं बचत खातं आता एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यायला हवं. त्यासाठी इथली बँक परदेशातल्या पत्त्याचा पुरावा मागेल. तुम्ही आनमेल्डुंगचा कागद अभिमानाने पाठवाल. तो जर्मनमध्ये आहे, असं उत्तर येईल. मान्यताप्राप्त भाषांतरकार गाठा आणि त्याचे पैसे युरोत द्या. खातं आहेच.