शांततेचं वेळापत्रक

काळजी हे आमच्या घरातलं खातं पूर्वापार माझ्याकडे आहे. गृहकर्जाचा हप्ता, आईचं बीपी, चिरंजीवांची दहावी आणि गॅसचा नॉब या विषयांवर मी रात्री तीन वाजता उठून बैठक घेतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झोपेची वेळ पाळा म्हणून बजावलं. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मात्र 'विश्वास कमी पडतोय' असं निदान केलं. ते मला पटलं नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला घातलं.

तेव्हा घराला वळण लावायचं मी मनावर घेतलं. नगरला आजीकडे दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची, पेटीवर नारायण वामन टिळकांची गीतं व्हायची आणि नवाच्या ठोक्याला घर घोरायला लागायचं. (लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेले म्हणतील, खुद्द टिळकांच्या घरात कुठली आली होती शांतता! खरं आहे. पण गीतं शांत आहेत.)

मी तक्ता केला, लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवला. साडेआठला सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मग गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. नऊ दहा ते नऊ पंचवीस, शांतता. ही शांतता वेळेवर सुरू व्हावी म्हणून मी नऊ वाजल्यापासून "आटपा, आटपा!" करत घरभर पळायचो.

पहिल्या रात्री मत्तयाचा सहावा अध्याय घेतला. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी त्यांचं पोट भरतं. मग प्रार्थनेला बसलो आणि माझा हात सैल सुटला. मंडळी, मिशन, शासनकर्ते, अवकाळी पाऊस सगळं घेतलं. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर आई जपून जांभई देत होती, बायकोचे ओठ हलत होते. मला भरून आलं. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. चिरंजीव उशीत तोंड खुपसून गाढ झोपले होते. शास्त्रपाठ तेवढा त्यांनीच मनावर घेतला होता.

शांततेच्या पंधरा मिनिटांत डबा वाजला. पत्र्यातला फोन ताशासारखा वाजतो. नियम माझाच, त्यामुळे उघडता येईना. नऊ पंचवीसपर्यंत मी मनानं धाकट्या बहिणीला दवाखान्यात भरती केलं, तिचं ऑपरेशन उरकलं, रक्ताचीही व्यवस्था केली. डबा उघडला तर कुणीतरी मला आणखी एक कर्ज द्यायला फोन केला होता.

खरी गंमत रविवारची. "विसाव्याच्या दिवशी या घरात कुणी काम करायचं नाही," मी जाहीर केलं.

"आणि जेवण?" बायकोनं विचारलं.

मी निर्गमाचा विसावा अध्याय काढला. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, कुणीही काम करू नये.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"अहो, यात बैल आला, परका आला. मी कुठाय?"

मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, 'तू' म्हणण्यात नवराबायको दोघंही येतात, असं भाष्यकार सांगतात. "मग भाष्यकारांनाच विचारा मटण कोण शिजवणार," बायको आतून म्हणाली. पाळकसाहेबांना ते ऐकू गेलं असावं. ते घाईनं म्हणाले, "सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट गोळा करायचा असायचा, ते विसरू नका. यहुदी लोकांचा शब्बाथ सूर्यास्ताला लागतो, आणि त्याच्या आत चूल उरकलेली असते. शुभवर्तमानात त्या आदल्या दिवसाला तयारीचा दिवसच म्हटलंय." आणि फोन ठेवला.

मी तयारीचा दिवस माझ्या तक्त्यात घातलाच नव्हता. तो बायकोनं घातला. लॅमिनेशनवर स्केचपेननं तिनं लिहिलं : 'शनिवार, सात ते नऊ. पप्पा : कांदे, आलं-लसूण, भांडी. बाळ : पीठ मळणे.' शांततेचा रकाना त्याच्याखाली गेला.

तेव्हापासून रविवारी चर्चहून आलं की मटण नुसतं गरम करायचं असतं. बायको दुपारी चक्क पाय पसरून 'निरोप्या' वाचते. माझ्या गोळ्या चालू आहेत. तीनची बैठकही भरते, पण बहुतेकदा कोरम होत नाही. कांद्यानंतर भांडी घासलेल्या माणसाला जागं राहणं अवघड असतं.

शनिवारी सात ते नऊ आमच्याकडे पाहुणे चालतात. एक सुरी जास्तीची आहे. चष्मा असेल तर लावून या, कांदे लासलगावचे आहेत.