रूम किरायाने देणे आहे, जबाबदारी सोडून

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्यानं काढली, तो बहुधा इथं बदलून आला असावा आणि एजंटामार्फत किरायाची रूम शोधत असावा. त्याचं काही बनलं नाही, हे म्हणीवरून दिसतंच.

बदल्यांचा आणि ॲडमिशनचा मोसम आला की आमच्या शहरात घरांपेक्षा घरं दाखवणारे जास्त होतात. कृषी विद्यापीठ १९७२ पासून पोरं आणतंय. २०२३ पासून शासकीय मेडिकल कॉलेजचीही भर पडली. वसमत रोड काय, जिंतूर रोड काय, खांबाखांबावर 'रूम किरायाने देणे आहे' आणि खाली मोबाईल नंबर. मालकाचा नंबर समजून फोन लावावा, तर पलीकडून प्रश्न येतो, "सर, बजेट काय?" घर कुठं आहे ते व्हिजिटचे पैसे पोचल्यावर कळतं.

माझ्या रूमचं वर्णन आमच्या एजंटानं तीन मुद्द्यांत केलं होतं: चोवीस तास पाणी, हवेशीर, मालक देवमाणूस. माणूस खोटं बोलला नाही. नळ आला की पुढचे चोवीस तास हौदात पाणी असे. त्यानंतर येलदरीचं धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, या अभिमानावर आणि विकतच्या जारवर दिवस काढायचे. खिडकीला तावदानच नसल्यानं हवेलाही तोटा नव्हता. मे महिन्यात पत्र्याखाली ती भाजूनच येई. आणि मालक तर इतका देवमाणूस, की कधी कुणाला दिसला नाही. दक्षिणा तेवढी मोबाईलवरून वेळेत पोचवावी लागे.

कराराची गंमत याहून मोठी. "अकरा महिन्यांचा बॉण्ड करू, सर. बारा केले की रजिस्ट्री लागते." किरायाच्या धंद्यातलं हे ब्रह्मवाक्य. १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. एवढं सगळं कायद्यानं आपल्या बाजूनं लिहून ठेवलंय आणि आपण नोटरीच्या टेबलावर मान खाली घालून सह्या करतोय.

खर्चाचं म्हणाल, तर हिशेब करून बघा. भाडं सहा हजार, डिपॉझिट वीस हजार, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का. रक्कम पावणेदोनशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. नोंदणी ऑनलाइन होते. इकडे २०२४ मध्ये शंभराचा बॉण्ड गेला, पाचशेचा आला. त्यावर टायपिंग, नोटरी आणि एजंटाची 'धावपळ' धरा. बेकायदा कागद कायदेशीर कागदाच्या भावात पडतो, तरी गिऱ्हाईक खूश, कारण 'रजिस्ट्रीचं झंझट वाचलं'.

रूम सोडताना डिपॉझिटची आठवण काढली. रंगाचे कापले, खिळ्यांचे कापले आणि जे तावदान कधी बसवलंच नव्हतं, ते फुटल्याचेही कापले. एजंटाला फोन केला. "सर, आपण फक्त भेट घालून दिली. पुढचं तुमचं-मालकाचं." भेट घालून देण्याबद्दल एक महिन्याचं भाडं त्यानं माझ्याकडून घेतलं होतं, तेवढंच मालकाकडूनही. दोन्हीकडून पैसे आणि कुणाचंच देणं नाही, अशी नोकरी शासनात निघाली तर मी आजच अर्ज करतो.

त्याची तक्रार महारेराकडे करावी म्हटलं, तर तिथंही दार बंद. रेरा कायद्यात एजंट म्हणजे प्रकल्पातली घरं-प्लॉट विकून देणारा. त्याला नोंदणी करावी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. किरायाचं घर दाखवणाऱ्याला खांब आणि डिंक एवढं पुरतं.

तेव्हा नव्यानं आलेल्या मंडळींना एवढंच सांगणं: भाड्याची पावती मागा, कायद्यानं ती द्यावीच लागते. चावी हातात पडताच खोलीचे फोटो काढून ठेवा, फुटकी खिडकी आधी. आणि एजंटाला पहिल्याच फोनवर विचारा, "रजिस्ट्री कधी करायची?" फोन कट झाला, तर वाईट वाटून घेऊ नका. व्हिजिटचे पैसे वाचले.