लिंबूसोड्याच्या साक्षीने

मुंबईतील कोणती मद्यालये भेट देण्यास योग्य आहेत, हा प्रश्न सामान्यतः मद्यपींना विचारला जातो, आणि तेथेच या विषयाच्या अभ्यासाची दिशाभूल होते. कारण ज्याच्या दृष्टीस दुसऱ्या पेल्यानंतर सर्वच भिंती सुंदर आणि सर्वच सोबती विद्वान दिसू लागतात, त्याची साक्ष कोणतेही न्यायालय ग्राह्य धरणार नाही. मद्य सर्वत्र एकच; ताजमहाल हॉटेलात जी बाटली फुटते, तीच परळच्या परमिट रूममध्येही फुटते. भेद असतो तो जागेचा, वागणुकीचा आणि चखण्याचा, आणि या तिन्हींची पारख करण्यास शुद्धीवर असलेला इसमच अधिकारी होय. मित्रमंडळी मला अशा प्रसंगी अगत्याने बरोबर नेतात ती बिलाची बेरीज तपासण्यासाठी व अखेरीस प्रत्येकास त्याच्या खऱ्या पत्त्यावर पोहोचवण्यासाठी. ही दुहेरी जोखीम सांभाळताना लिंबूसोड्याच्या साक्षीने जे पाहिले, त्यावरून हा अभिप्राय नोंदवीत आहे.

प्रथम कायद्याची ओळख करून घेणे उचित. या शहरातील प्रत्येक मद्यालय ज्या कायद्याच्या आधारे चालते, तो 1949 सालचा दारूबंदी अधिनियम होय. मोरारजी देसाईंच्या अमदानीत बंदी आली, पुढे साठीच्या दशकात ती सैल झाली. परंतु कायदा जागच्या जागी राहिला, त्यात परवान्याची एक खिडकी तेवढी ठेवण्यात आली, आणि त्या खिडकीतून आज सबंध शहर ये-जा करते. हा परवाना विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा 5 रुपयांस, वर्षाचा 100 रुपयांस आणि तहहयात 1000 रुपयांस मिळतो. आणि अर्जदारास मद्याची गरज का आहे, याचे सरकारदप्तरी नमूद असलेले कारण म्हणजे प्रकृतीचे रक्षण! शनिवारी रात्री अंधेरीपासून कुलाब्यापर्यंत स्वतःच्या प्रकृतीस इतके जपणारे नागरिक पाहिले, की या शहरास एवढी इस्पितळे कशास लागतात, असे कोडे पडते. बियरसाठी वयाची 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. विवाहास मात्र पुरुषाला 21 पुरतात. दोहोंपैकी कोणत्या निर्णयात अधिक परिपक्वता अपेक्षित आहे, याविषयी शासनाचे मत यावरून स्पष्ट होते.

ही खिडकी उघडण्यापूर्वी माहीम-वांद्र्याकडच्या ‘आंटी’ नामक गृहिणींनी आपल्याच दिवाणखान्यात नवटाक मोजून देण्याचा जो गृहोद्योग चालविला, तो या क्षेत्रातील शिस्तीचा शेवटचा नमुना म्हणावा लागेल; कारण आंटीच्या समोर आवाज चढविण्याची छाती भल्याभल्यांस होत नसे, आणि आजचा धिप्पाड बाउन्सर जे काम दंडाच्या बळावर करतो, ते ती भुवईने करीत असे.

आता प्रत्यक्ष स्थळांकडे वळू. कुलाबा हे या यात्रेचे आद्यपीठ. ताजमधील हार्बर बार 1933 पासून समुद्राकडे तोंड करून बसला आहे. शहरातील पहिला मद्यपरवाना आपलाच, असे तो अभिमानाने सांगतो, आणि तेथील दर पाहता त्या परवान्याची किंमत अद्याप वसूल होत असावी. लिओपोल्ड कॅफे 1871 सालचे. इराण्यांनी प्रथम तेलाचे दुकान म्हणून थाटलेले. 2008 च्या दहशतवादी हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा त्याने भिंतीवर तशाच ठेवल्या असून, थोड्याच दिवसांत पुन्हा दरवाजे उघडून खुर्च्या मांडल्या. या एका गोष्टीसाठी तेथे जाऊन निदान सोडा पिणे हे मी नागरिकाचे कर्तव्य समजतो. जवळच्याच माँडेगार कॅफेच्या भिंतींवर मारिओ मिरांडा या गोमंतकीय कलावंताने रेखाटलेली माणसे आहेत, आणि रात्री दहाच्या सुमारास टेबलांवरील माणसांपेक्षा भिंतीवरील माणसेच अधिक सावरलेली दिसतात. वांद्र्याच्या टोटोज गॅरेजमध्ये मद्याच्या फळीवर चक्क एक फोक्सवॅगन मोटार चढवून ठेवलेली आहे. मद्यपानोत्तर मोटारीचे स्थान नेमके कोठे असावे, याचा इतका सुबोध वस्तुपाठ मला वाहतूक खात्याच्या कोणत्याही फलकावर आढळला नाही.

रात्रीच्या नृत्यगृहांचा विषय मात्र वेगळा, आणि त्याचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा अधिक घरचा आहे. ताजच्या नृत्यगृहात चाळिशीच्या दशकात चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोमंतकीय वादक तुतारीसारखे ते पाश्चात्य वाद्य, ट्रंपेट, फुंकीत असे. त्यासच रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, चित्रपटसंगीतात आणले, आणि 1951 च्या ‘अलबेला’त त्या ठेक्यावर नाचला तो गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा. जे नृत्य पाहण्यास गिरणगावास ताजच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते, ते अशा रीतीने गणपतीच्या मिरवणुकीत येऊन दाखल झाले, आणि आजतागायत तेथून हललेले नाही. पुढे 1972 साली लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्क नामक चिमुकल्या क्लबात अवचित वाजवून गेले, हीही नोंद करण्याजोगी गोष्ट; पण भगवानदादांच्या नृत्याएवढा वंश त्यांच्या वादनाचा आपल्याकडे वाढला नाही.

1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, आणि लोअर परळच्या कमला मिल, मथुरादास मिल यांच्या आवारांत कालांतराने नृत्यगृहे आली. म्हणजे रात्रपाळी पूर्ववत सुरू झाली; फरक इतकाच, की आता पाळीवर येणारा स्वतः पैसे मोजून येतो. साचेखात्यातील खडखडाटात कामगार एकमेकांशी खुणांनी बोलत, तशीच येथील तरुण मंडळी बोलतात. तथापि अशाच एका आवाराच्या दारावर, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, बाउन्सरने आमच्या पन्नाशीपुढील मंडळास सोबत स्त्रिया नाहीत आणि एकाच्या पायांत कोल्हापुरी चपला आहेत, या दोन आरोपांवरून परत पाठविले. देवळात चपला बाहेर ठेवून मनुष्य आत जातो. येथे चपलांसह मनुष्यच बाहेर ठेवला जातो.

परत फिरलेले आमचे मंडळ जेथे विसावले, ती नाक्यावरची परमिट रूम होती, आणि माझा निकाल तिच्याच बाजूने आहे. मंद तांबडा दिवा, आवाज बंद केलेला दूरचित्रवाणी संच, गल्ल्यावर उडपीकडील शेट्टी आणि माळ्यावर वातानुकूलित दालन, जेथे तीच क्वार्टर केवळ हवेच्या गारव्यामुळे महाग होते. येथे वेटर तुमचा हुद्दा विचारीत नाही. हवालदार, कारकून, कवी आणि दिवाळे निघालेला व्यापारी यांस तो एकाच तटस्थतेने ‘साठ की नव्वद?’ एवढेच विचारतो. मी लिंबूसोडा मागितला, तेव्हा इतरत्र दिसणारे कीव अथवा संशय यांपैकी काहीही त्याच्या मुद्रेवर उमटले नाही, उलट शेंगदाणे, चणे व काकडी यांची बशी त्याने मित्रांइतक्याच अगत्याने माझ्यापुढेही ठेवली, आणि ती रिकामी होताच न सांगता भरली. न पिणाऱ्याचा मान जेथे राखला जातो, ते मद्यालय पिणाऱ्यास निश्चितच सुरक्षित समजावे. माझी कसोटी एवढीच आहे.

वाचकांस विनंती इतकीच, की 2 ऑक्टोबर आणि मतदानाचा दिवस टाळून जावे, 5 रुपयांचा परवाना खिशात असावा, वेटरची बक्षिसी विसरू नये आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे. परवान्याप्रमाणे बार रात्री दीडपर्यंत उघडा राहू शकतो. शेवटची लोकल त्याआधीच सुटते. या शहरात दारूबंदीचा अंमल खऱ्या अर्थाने करणारे खाते एकच आहे, आणि ते रेल्वेचे.