हबवाले अण्णा

धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या कॉलनीत सकाळी सकाळी कानशीचा कर्र आवाज आला, की खुशाल समजावं : इथे एक अण्णा राहतात. हे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. विश्वेश्वरय्यांनी १८८४ साली नोकरीला लागताच धुळे जिल्ह्यातल्या दातर्तीला पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधला, हे ते पाहुण्याला पाण्याआधी देतात. वर ‘खातं एकच हो आमचं!’ असंही सांगतात. त्या खात्यात अण्णांनी जन्मभर आवक-जावक सांभाळली, ही पुरवणी काकू चहासोबत जोडतात.

अण्णांचा जीव मात्र सायकलच्या मागच्या हबमध्ये अडकलेला. सायकल काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची. मागे ४० आरे, पुढे ३२, इथवर अण्णांना कारखान्याचं म्हणणं मान्य. पण हबमधले सुटे छर्रे? ‘मोटरसायकलीला बंद बेअरिंग आणि आम्ही काय पाप केलंय?’

मग आग्रा रोडवरून ६२०० नंबरचं बेअरिंग येतं. आतून १० मिलिमीटर, बाहेरून ३०. एक्सल तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरात फरसाणाच्या डब्याची पत्रापट्टी गुंडाळली जाते. लेथवाला हब हातात घेऊन उलटसुलट करतो, कपाळाला लावतो आणि परत देतो. म्हणून बेअरिंगचं घर अण्णा स्वतः कानशीने कोरतात. तिथलं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांभाळावं लागतं. अण्णांची पट्टी नातवाच्या कंपासपेटीतली. घट्ट झालं तर आतले छर्रे आवळतात, सैल झालं तर अख्खं बेअरिंगच हबमध्ये गरगरतं. सैल झाल्यावर अण्णा वेल्डिंग मारून आणतात. त्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं. हयात पाटबंधारे खात्यात गेली, पण या गळतीचा पत्ता अण्णांना लागत नाही.

चाचणीच्या दिवशी एकवीरा देवीला नारळ. ओट्यावरून कोणीतरी ओरडतं, ‘अण्णा, चाक डुली ऱ्हायनं ना!’

‘डुलू दे. बसाले येळ लागस!’

दत्त मंदिर चौकापर्यंत सायकल अण्णांना नेते; तिथून पुढे अण्णा सायकलला नेतात.

चौकातला सायकलवाला काही विचारत नाही. एक जुना हब त्याने जपूनच ठेवलेला असतो. तो नवे कोन घेतो, दोन्ही बाजूंना दोन सुती नऊ-नऊ छर्रे ग्रीसमध्ये बसवतो, कोन आवळून पाव आटा सैल सोडतो. संपलं काम. बंद बेअरिंग झिजलं की फेकायचं. कोन झिजला तर पाना फिरवून पुन्हा जागेवर आणता येतो. ज्याच्या घरी दोन पाने आणि ग्रीसची डबी एवढंच आहे, अशा माणसाचा विचार हबवाल्यांनी आधीच करून ठेवलाय. घरगुती इंजिनिअरिंगला तेवढीच जागा सोडलेली आहे, आणि अण्णांना नेमकी तेवढीच पुरत नाही.

तुमच्या शेजारी असे अण्णा असतील तर पाना मागायला अवश्य जा. त्यांच्याकडे सगळ्या मापांचे मिळतात. जाताना सायकल मात्र घरीच कुलूप लावून ठेवा.